दोन लायनी, एक राउटर: फोंड्यातल्या ऑफिसात शिकलेलं

जुलैची २० तारीख. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, बाहेर पाऊस कोसळतोय आणि भिंतीवरच्या फायबर बॉक्सवर लाल दिवा लुकलुकतोय. आमचं गोव्यात फोंड्यातलं ऑफिस अकरा माणसांचं, काम सगळं हिशेबाचं आणि करांचं. मी निर्धास्त होतो, कारण महिन्यापूर्वीच दुसऱ्या कंपनीची लाईन घेऊन ठेवली होती. पाच मिनिटांनी लक्षात आलं, की दुसरी लाईन ठणठणीत आहे, तिचे दिवे हिरवे आहेत आणि तरीही ऑफिसातला एकही कॉम्प्युटर तिच्यावरून बाहेर जात नाही. शेवटी मुलांनी आपापल्या मोबाइलचे हॉटस्पॉट लावून रिटर्न भरले.

दुसरी लाईन घ्यायला एक फोन पुरतो. पहिली मेली हे राउटरला कळवायला मला अडीच महिने लागले. मी नेटवर्कवाला नाही, पण या काळात जे हाताला लागलं ते क्रमाने लिहितोय. छोटं ऑफिस, होमस्टे, क्लिनिक, क्लास चालवणाऱ्यांना उपयोगी पडेल. यातले पत्ते मी मराठी आकड्यांत लिहिले आहेत. राउटरमध्ये अर्थातच इंग्रजी आकडे भरायचे.

१. राउटरला हात लावण्याआधी रस्त्यावर जा

हो, खरंच. छत्री घ्या आणि दोन्ही केबली कुठून येतात ते चालत बघा. आपल्याकडे बहुतेक केबल विजेच्या खांबांवरून लोंबत येते. मिरग लागला की फणसाची फांदी पडते, माडाचं चुडत पडतं, आणि ज्याच्यावर पडतं ते तुटतं. माझ्या दोन लायनी दोन वेगळ्या खिडक्यांतून आत यायच्या, त्यामुळे मी खूश होतो. बाहेर जाऊन बघितलं तर तिसऱ्या खांबापासून दोघी गळ्यात गळा घालून शेजारच्या भाटातून, म्हणजे माडांच्या बागेतून, जात होत्या. एक चुडत, दोन लायनी गुल.

दुसरी तपासणी खुर्चीत बसून होते. एकेका लाईनवर असताना कॉम्प्युटरवरून ट्रेसराउट चालवा (वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा; विंडोजमध्ये तिचं नाव ट्रेसर्ट) आणि पहिले पाच-सहा टप्पे कागदावर उतरवा. दोन-तीन टप्प्यांनंतर दोन्हीकडे त्याच कंपनीची नावं दिसू लागली, तर तुमचे दोन्ही प्रोव्हायडर बहुधा एकाच मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेतात. छोटे स्थानिक प्रोव्हायडर तसं करतातच, त्यात गैर काही नाही. पण ती मोठी कंपनी बसली की तुमच्या दोन्ही लायनी एकदम बसणार.

माझा सल्ला: एक लाईन फायबरची, दुसरी हवेतून येणारी, म्हणजे फोर-जी किंवा फाइव्ह-जी सिमची. वेग कमी मिळाला तरी चालेल. जांभ्याच्या जाड भिंतींचं जुनं घर असेल तर सिमचा राउटर खिडकीशी ठेवा. कोणत्या कंपनीचं सिम घ्यायचं हे जाहिरातीवरून ठरवू नका, ऑफिसातल्यांचे मोबाइल एकेक करून त्याच खिडकीत धरून वेग मोजा.

२. कागद आणि सामान

नव्या लाईनसाठी लागणारे कागद: ओळखपत्र, जागेचा पुरावा (वीजबिल चालतं), धंद्याच्या नावावर हवी असेल तर जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र, जागा भाड्याची असेल तर भाडेकरार आणि घरमालकाचं संमतिपत्र. शेवटचं आधीच मागून ठेवा. माणूस ड्रिल घेऊन दारात उभा आणि मालक मुंबईला, हा प्रसंग मी भोगला आहे.

प्रोव्हायडरकडून लेखी घ्यायच्या गोष्टी:

- पीपीपीओईचं (युजरनेम-पासवर्डने लाईन जोडायच्या पद्धतीचं) युजरनेम आणि पासवर्ड, किंवा ‘आपोआप पत्ता मिळतो’ असं स्पष्ट उत्तर
- व्हीलॅन क्रमांक (एकाच केबलीतले वेगवेगळे प्रवाह ओळखायचा आकडा), असल्यास
- स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, पत्ता घेतला असेल तर पत्ता, मास्क आणि गेटवे (बाहेर जायचं पहिलं दार)
- त्यांचा बॉक्स ब्रिज मोडमध्ये (बॉक्स नुसता पूल, राउटरचं काम तुमच्या राउटरकडे) टाकून देतील का
- ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा नंबर

लाईन जोडायला आलेला मुलगा पासवर्ड स्वतःच्या मोबाइलमधून बॉक्समध्ये भरतो आणि निघून जातो. त्याला थांबवा, चहा द्या, पण पासवर्ड वहीत लिहून घेतल्याशिवाय सोडू नका.

सामान: दोन वॅन (बाहेरच्या लायनी) चालवू शकणारा राउटर, चांगल्या नेटवर्क केबली, चिकटपट्टी आणि मार्कर, आणि बॉक्स व राउटर या दोघांनाही पुरेल असा छोटा यूपीएस. वीज गेल्यावर लाईन जिवंत आणि बॉक्स मेलेला, असं होऊ नये.

राउटर कोणता, हा प्रश्न मला सगळे विचारतात. मी मायक्रोटिक घेतला, कारण तो स्वस्तात सगळं करतो. शिकायला मात्र घाम काढतो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर चढवायच्या मोफत प्रणालीवर ‘एमवॅन३’ नावाचं पॅकेज आहे, पीएफसेन्स या तशाच दुसऱ्या प्रणालीमध्ये ‘गेटवे ग्रुप’ आहे, टीपी-लिंकचे दोन वॅनवाले राउटर पडद्यावर क्लिक करून लावता येतात. पुढचे टप्पे सगळीकडे तेच, फक्त बटणांची नावं बदलतात.

३. दोन्ही बॉक्सचे पत्ते वेगळे करा

बहुतेक बॉक्स घरून येतानाच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात. दोन कंपन्यांचे दोन बॉक्स, दोघांचा पत्ता तोच, आणि तुमच्या ऑफिसचं नेटवर्कही त्याच पट्ट्यातलं असेल तर राउटरला कोण कुठे आहे हे कळायचा मार्गच उरत नाही. एका वाड्यावर एकाच नावाची तीन घरं असली की पोस्टमनचं जे होतं तेच.

बॉक्स ब्रिज मोडमध्ये गेला तर उत्तम. मग बाहेरचा पत्ता थेट तुमच्या राउटरला मिळतो. ते जमत नसेल तर पहिला बॉक्स १९२.१६८.१०.१, दुसरा १९२.१६८.२०.१ आणि ऑफिस १९२.१६८.५०.१ असं काहीतरी सरळ, लक्षात राहील असं ठेवा.

याच वेळी राउटरला बाहेरून कोणता पत्ता मिळालाय ते बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तुमचा प्रोव्हायडर एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतोय. ब्राउझिंगला फरक पडत नाही, पण बाहेरून ऑफिसचा कॅमेरा किंवा सर्व्हर उघडायचा असेल तर त्या लाईनवर थेट जमणार नाही. सिमच्या लाईनवर हे जवळजवळ ठरलेलंच.

४. एका वेळी एकच लाईन

पहिली लाईन एकटी लावा, अर्धा दिवस वापरा. मग ती काढून दुसरी एकटी लावा, तीही अर्धा दिवस वापरा. दोन्ही एकदम लावून मग ‘नेट अडकतंय’ म्हणून शोधत बसलात तर दोष कुणाचा हे कधीच कळत नाही.

पीपीपीओईच्या लाईनवर एक खास खोड असते. नेटवरून माहिती छोट्या पाकिटांतून जाते; पाकिटाचा नेहमीचा आकार १५०० बाइट. पीपीपीओई त्यातले ८ खातो, उरतात १४९२. हे राउटरला सांगितलं नाही तर काही साइट सुरेख उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात. एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १४९२ करा आणि एमएसएस क्लॅम्प (पलीकडच्यालाही छोटी पाकिटं पाठवायला लावणारं सेटिंग) चालू करा.

नॅटचा (आतल्या सगळ्या कॉम्प्युटरांना बाहेरचा एक पत्ता वापरू देण्याचा) नियम दोन्ही वॅनसाठी स्वतंत्र हवा. माझ्या २० जुलैच्या फजितीत एक चूक हीच होती: नॅटचा नियम फक्त पहिल्या लाईनला होता. दुसरी चूक पुढच्या टप्प्यात.

५. लाईन मेली हे राउटरला कसं कळणार?

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

बाहेरचा पत्ता शोधताना राउटर आधी सगळ्यात नेमका मार्ग बघतो. नेमका नसला की डीफॉल्ट, म्हणजे बाकी सगळ्यासाठीचा मार्ग. दोन डीफॉल्ट असले की ज्याचं अंतर (पसंतीक्रमाचा आकडा) कमी तो. म्हणून पहिल्या लाईनला अंतर १, दुसऱ्या लाईनला २ दिलं की झालं, असं वाटतं. पण राउटर पहिला मार्ग कधी सोडतो? पोर्टवरची केबल निघाली किंवा गेटवेने उत्तर देणं थांबवलं तर. आणि गेटवे कोण? बॉक्स ब्रिज मोडमध्ये नसेल तर तुमच्याच भिंतीवरचा तो बॉक्स! बाहेर रस्त्यावर फायबर तुटलेली असली तरी बॉक्सला वीज आहे, तो इमानदारीत ‘मी आहे, मी आहे’ म्हणत राहतो. राउटर त्याच्यावर विश्वास ठेवून सगळी पाकिटं त्या खड्ड्यात टाकत बसतो. फोंड्याच्या स्टँडवर पणजीची बस उभी आहे, एवढ्यावरून वाटेतला बाणस्तारीचा पूल मोकळा आहे असं ठरत नाही.

म्हणून तपासणी पुलापलीकडची हवी. इंटरनेटवरचा कायम जागा असलेला एखादा पत्ता घ्या आणि त्याला ठरावीक वेळाने पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारा. त्यासाठी:

- प्रत्येक लाईनला तपासणीचा पत्ता वेगळा द्या. समजा पहिलीला १.१.१.१ आणि दुसरीला ८.८.८.८.
- त्या पत्त्याकडे जाणारा मार्ग त्याच लाईनला खिळवून ठेवा. नाहीतर पहिली मेल्यावर तिची तपासणी दुसरीवरून जाते, उत्तर येतं, राउटर पहिलीला जिवंत समजून परत तिच्यावर जातो, परत मरतो. माझा राउटर एका दुपारी असा झोके घेत होता.
- एकाच पत्त्यावर विसंबू नका. शक्य असेल तर लाईनमागे दोन पत्ते, आणि दोन्ही गप्प झाले तरच लाईन मेली असं धरायचं.
- एक पिंग चुकली की लगेच उडी नको. मायक्रोटिकची गेटवे तपासणी दर १० सेकंदांनी होते आणि लागोपाठ दोनदा उत्तर आलं नाही तरच मार्ग सोडते. ऑफिसला एवढं पुरतं.
- परत येताना जास्त सावकाश या. पावसात लाईन येते, जाते, येते. राउटरमध्ये सोय असेल तर पहिली लाईन दोन-तीन मिनिटं सलग टिकल्यावरच तिच्यावर परतायचं असं लावा.

आणि यातला सापळा, ज्यात मी पडलोच. १.१.१.१ पहिल्या लाईनला खिळवला होता आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणूनही तोच दिला होता. पहिली लाईन गेली, राउटर शहाण्यासारखा दुसरीवर गेला, पण नावं शोधायची विनंती मात्र मेलेल्या लाईनकडेच जात राहिली. पिंग चालू, साइट बंद. तपासणीसाठी वापरलेला पत्ता डीएनएसला देऊ नका. प्रोव्हायडरचा स्वतःचा डीएनएसही नको, कारण बरेचसे फक्त आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. दुसऱ्या लाईनवरून विचारलं की गप्प. डीएनएसला ९.९.९.९ सारखा तिसराच सार्वजनिक पत्ता द्या.

६. दोन्ही लायनी एकदम वापरायच्या का?

प्रत्येकाला वाटतं, १०० आणि १०० मिळून २०० होणार. होत नाही. एक डाउनलोड म्हणजे एक जोडणी, आणि एक जोडणी एकाच लाईनवरून जाते. अकरा माणसं मिळून दोन्ही लायनी भरतील, हे खरं. एका माणसाला मात्र १००च दिसणार. नवख्यांनी निदान पहिला पावसाळा एक मुख्य आणि एक राखीव असंच चालवावं, असं माझं मत आहे. ते नीट बसलं की पुढे वाचा.

वाटणी करायची तर ती पाकिटांची करायची नाही, जोडण्यांची करायची. जोडणी सुरू होताना राउटर तिच्यावर खूण करतो आणि त्या खुणेची सगळी पाकिटं शेवटपर्यंत त्याच लाईनने पाठवतो. पहिल्या लाईनने सुरू झालेल्या जोडणीची पाकिटं मध्येच दुसरीने निघाली तर पलीकडच्या सर्व्हरला ती कुणा परक्याची वाटतात. पहिल्या कंपनीचा पत्ता लावून ती तशीच दुसरीच्या दारात गेली तर दुसरी कंपनी फेकून देते, आणि ते योग्यच आहे. खोट्या पत्त्यांची पाकिटं बाहेर सोडू नयेत ही शिफारस २००० सालापासून लेखी आहे.

पण जोडणी टिकवूनही भागत नाही. बँकेची किंवा जीएसटीची साइट एकाच पानासाठी अनेक जोडण्या उघडते. लॉगिन एका लाईनने, ओटीपी दुसरीने. साइटला दिसतं, की हा माणूस एका क्षणी एका पत्त्यावर आणि दुसऱ्या क्षणी भलत्याच पत्त्यावर. अर्धा अर्ज फोंड्याच्या काउंटरवर आणि अर्धा मडगावच्या काउंटरवर दिला तर कारकून काय करेल? तेच होतं: ‘सेशन संपलं’, पुन्हा लॉगिन. आमच्या अकाउंटंटबाई आठवडाभर बँकेला शिव्या देत होत्या, दोष माझा होता.

उपाय असे. वाटणी फक्त आतल्या कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून करा, म्हणजे एका कॉम्प्युटरचं सगळं काम एकाच लाईनवर राहतं. मायक्रोटिकच्या पीसीसीमध्ये (जोडण्या वाटून देणाऱ्या सोयीत) ‘सोर्स अॅड्रेस’ निवडायचं. एमवॅन३मध्ये ‘स्टिकी’ चालू करायचं. मी तर सरळ माणसांचीच वाटणी केली: हिशेबाची टेबलं पहिल्या लाईनवर, पाहुण्यांचं वायफाय आणि मोबाइल दुसरीवर. दोन्ही लायनी एकमेकींना राखीव. गणित कमी, भांडणं कमी.

खुणा लावताना दोन गोष्टी विसरू नका. एक, ऑफिसातल्या ऑफिसात जाणारी पाकिटं, म्हणजे प्रिंटर आणि सर्व्हरकडची, खुणांतून वगळा. नाहीतर प्रिंट मारलेलं इन्व्हॉइस इंटरनेटवर प्रिंटर शोधायला निघतं. दोन, मायक्रोटिकमध्ये ‘फास्टट्रॅक’चा नियम आधीपासून चालू असतो आणि त्यातून गेलेल्या जोडण्या खुणांच्या नियमांना चुकवून जातात. तो बंद करा किंवा खूण असलेल्या जोडण्या त्यातून वगळा. हे मला दीड दिवसाने कळलं.

बाहेरून आत येणाऱ्या कामाचंही तसंच: ज्या लाईनने कुणी आत आलं, त्याच लाईनने त्याला उत्तर गेलं पाहिजे. आत येणाऱ्या जोडणीवरही खूण लागते.

आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीबद्दल थोडक्यात: प्रत्येक कंपनी स्वतःचे पत्ते थेट तुमच्या कॉम्प्युटरना देते, त्यामुळे लाईन बदलली की पत्तेही बदलावे लागतात आणि ते पटकन होत नाही. सुरुवातीला आतल्या नेटवर्कवर आयपीव्ही६ बंद ठेवून चालवा.

७. चाचणी: वीज काढू नका, फायबर काढा

बहुतेक जण बॉक्सचं बटण बंद करून बघतात, राउटर दुसरीवर जातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. ती चाचणीच नव्हे. बॉक्स चालू ठेवा आणि त्याची फायबरची पिन हळूच काढा. तिच्या टोकाला बोट लावू नका, डोळ्यासमोर धरू नका. सिमच्या राउटरचं सिम काढा. मग घड्याळ लावून बघा:

- साइट किती सेकंदांत परत उघडते
- बँकेचं लॉगिन टिकतं की जातं (जाणारच; पत्ता बदलला)
- चालू व्हिडिओ कॉल तुटून परत जोडला जातो का
- इंटरनेटवरचा टेबलफोन वाजतो का

शेवटचं मुद्दाम तपासा. असे फोन सर्व्हरशी सतत थोडं थोडं बोलत असतात, त्यामुळे त्यांची जुनी जोडणी राउटरच्या वहीतून पुसलीच जात नाही. लाईन बदलली तरी फोन जुन्याच लाईनच्या पत्त्याने बोलत बसतो आणि तासभर मुका राहतो. लाईन बदलताच जुन्या जोडण्या पुसणारी छोटी स्क्रिप्ट किंवा सेटिंग बहुतेक राउटरांत असतं, ते चालू करा.

सगळं झालं की सेटिंगचा बॅकअप काढून राउटरबाहेर ठेवा. आणि फायबर काढायची ही चाचणी दरवर्षी मेअखेरीस परत करा, पावसाच्या आधी.

८. बीजीपी कुणाला लागतो

कुणीतरी तुम्हाला सांगेलच, की ‘खरं मल्टीहोमिंग’ (एकाहून जास्त प्रोव्हायडर वापरणं) म्हणजे बीजीपी, अर्थात नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग सांगायची पद्धत. बरोबर आहे, पण ते मोठं हॉटेल, कॉलेज, इस्पितळ किंवा स्वतः प्रोव्हायडर असणाऱ्यांसाठी. त्यात पत्ते प्रोव्हायडरचे नसून तुमचे असतात आणि दोन्ही कंपन्यांमार्फत तुम्ही जगाला सांगता, की हे पत्ते इथे राहतात. एक लाईन गेली तरी पत्ता तोच राहतो, त्यामुळे बाहेरून येणारेही दुसऱ्या वाटेने पोचतात. भारतात पत्ते आणि एएस क्रमांक (आपल्या नेटवर्कचा ओळख क्रमांक) निक्सीच्या, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या, अखत्यारीतल्या आयआरआयएनएन या नोंदणी कार्यालयाकडून मिळतात. आयपीव्ही४चा (पत्त्यांच्या जुन्या पद्धतीचा) २५६ पत्त्यांपेक्षा छोटा गट जगातले बहुतेक राउटर स्वीकारत नाहीत, म्हणजे त्याहून कमी घेऊन उपयोग नाही.

यातली एकच धोक्याची सूचना: एका प्रोव्हायडरकडून ऐकलेले मार्ग दुसऱ्याला सांगू नका. २४ जून २०१९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात दोन प्रोव्हायडर असलेल्या एका कंपनीकडून हेच झालं. दुसऱ्या, बड्या प्रोव्हायडरने ते मार्ग न गाळता पुढे पाठवले आणि असंख्य साइटना सेवा देणाऱ्या क्लाउडफ्लेअरसह इंटरनेटचा मोठा हिस्सा काही तास त्या छोट्या वाटेत अडकला. बाहेर सांगायच्या मार्गांच्या यादीत फक्त स्वतःचे पत्ते ठेवा, आणि प्रोव्हायडरकडून पूर्ण यादी न मागता फक्त डीफॉल्ट मार्ग मागा. छोट्या राउटरला तेवढंच झेपतं.

९. राउटरवर चिकटवायचं कार्ड

मी गणेशचवथीला गावी सत्तरी तालुक्यात असताना ऑफिसातून फोन येऊ नये म्हणून हे कार्ड लिहिलं. तुमचे तपशील भरून घ्या.

*पांढरी केबल: लाईन १, फायबर. पिवळी केबल: लाईन २, सिम.*
*नेट गेलं तर एक मिनिट थांबा. काहीही काढू नका, राउटर बंद करू नका.*
*एका मिनिटानंतरही बंद: फायबर बॉक्सवर लाल दिवा आहे का बघा. असेल तर लाईन १ला तक्रार करा, तक्रार क्रमांक वहीत लिहा.*
*लाल दिवा नसेल तर सिमचं रिचार्ज संपलं आहे का ते बघा.*

शेवटची ओळ नंतर घातली. कारण विचारू नका.